‘खाली त्यांचं नाव टाकलं होतं की!’

हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. फाइन आर्टची मुलं, इलस्ट्रेटर, निवृत्तीनंतर जलरंग शिकणारे एक काका, सगळ्यांचा घोर एकच: दुसऱ्याच्या फोटोवरून चित्र काढलं, तर ती चोरी का?

मृण्मयी (नाव बदललं आहे) माझ्याकडे समुपदेशनासाठी आली तेव्हा तिने तीन महिने ब्रश हातात धरला नव्हता. नेटवर सापडलेल्या वारकरी आजींच्या फोटोवरून तिने चित्र केलं, पाच प्रिंट विकल्या. मग छायाचित्रकाराचा मेसेज आला: ‘फोटो माझा आहे. विचारायला हवं होतं.’

‘‘मी चोर आहे, मॅडम.’’

‘‘आणि दुसऱ्या मिनिटाला काय वाटतं?’’

ती ओशाळली. ‘‘की खाली त्यांचं नाव तर टाकलं होतं.’’

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची. कृती आणि माणूस यांची गल्लत मी होऊ देत नाही. पण इथे आणखी एक गोष्ट दिसली. स्वतःला फाशी द्या नाहीतर निर्दोष सोडा, दोन्हींत सोय तीच: त्या छायाचित्रकाराला उत्तर द्यावं लागत नाही.

मी वकील नाही, तरी अर्धवट माहितीवर चिंता पोसली जाते म्हणून थोडं सांगतेच. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात फोटोवरचा हक्क आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं टिकतो. नाव देणं वेगळं, परवानगी घेणं वेगळं. एकाने दुसरं फिटत नाही. ‘तीस टक्के बदललं की चालतं’ असा नियम कायद्यात कुठेही नाही. घरी सरावासाठी नक्कल करणं निराळं, प्रिंट विकायला काढणं निराळं. राजा रविवर्मा 1906 साली गेले, त्यांच्या चित्रांना ही अडचण नाही. ‘वारीतली म्हातारी’ ही कल्पनाही कुणाच्या मालकीची नाही. तो विशिष्ट प्रकाश, ती चौकट मात्र टिपणाऱ्याची.

हे सगळं तिने मान डोलवत ऐकलं. हललं काहीच नाही.

मग सहज विचारलं (असे ‘सहज’ प्रश्न बऱ्याच वर्षांच्या सरावाने सुचतात), ‘‘त्या चित्रात तुझं काय होतं?’’

ती बराच वेळ गप्प होती. खाली रिक्षा येऊन थांबली, गेलीसुद्धा.

‘‘हात,’’ ती म्हणाली. ‘‘फोटोत ते अंधारात आहेत. मी माझ्या आजीचे काढले.’’

हे तिचं तिलाच पहिल्यांदा ऐकू आलं असावं. त्या दिवशी मी पुढे काही बोलले नाही.

पुढच्या भेटीत तिने उत्तराचा मसुदा आणला. त्यात सहा वेळा ‘सॉरी’! आम्ही चार ओळी ठेवल्या: काय केलं, किती विकल्या, यापुढे विकणार नाही, चित्र तुमच्या नावासह पेजवर ठेवू की काढू? आठवड्याने उत्तर आलं: काढा. ती रडली, पण त्याच संध्याकाळी तिने ते काढून टाकलं.

आता ती दर रविवारी मावशीकडे जाते आणि मेथी निवडणाऱ्या हातांचे फोटो स्वतः काढते.

‘‘मावशी काय म्हणते?’’

‘‘म्हणते, आधी विचारत जा गं, नखं तरी स्वच्छ करते.’’