वाचकांचे प्रश्न : हलक्या फोर-बाय-फोरच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी?

प्रश्न : माझ्याकडे मारुतीची पाच दारांची जिम्नी आहे. आमच्या वाडीपर्यंतचा शेवटचा टप्पा कच्चा आहे. उन्हाळ्यात तो उघडा जांभा असतो आणि पावसाळ्यात लाल चिखल. एरवी गाडी महामार्गावरच धावते. पंक्चरवाला न विचारता पस्तीस हवा भरतो, तर जीपवाले मित्र अठरावर आणायला सांगतात. कोणाचे ऐकावे? शिवाय हिवाळ्यात राजस्थानात सम येथील वाळूत गाडी नेण्याचा विचार आहे. – एक वाचक, देवरुख

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. आपल्या गाडीचा आकडा ड्रायव्हरचे दार उघडल्यावर खांबावर दिसणाऱ्या पट्टीवर छापलेला असतो आणि डांबरी रस्त्यापुरता तोच अंतिम समजावा. टायरच्या बाजूवर कोरलेला दाबाचा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, भरण्याची शिफारस नव्हे. पुष्कळ गॅरेजमध्येसुद्धा या दोन गोष्टींची गल्लत होते.

हवा किती हवी हे प्रामुख्याने टायरवर पडणाऱ्या वजनावरून ठरते. जिम्नीचे रिकामे वजन सुमारे 1200 किलो आहे, म्हणजे एका चाकाच्या वाट्याला साधारण 300 किलो येतात. फॉर्च्युनरसारखी दोन टनांहून जड गाडी प्रत्येक चाकावर पाचशे किलोंहून अधिक भार टाकते. त्या गाडीला शोभणारी हवा आपल्या गाडीत भरली, तर टायर जमिनीवर बसतच नाही. हिशेब सोपा आहे. 35 पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. त्या दाबाला 300 किलो पेलण्यासाठी टायरचा साधारण 120 चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो, म्हणजे जेमतेम पोस्टकार्डाएवढा. 26 पीएसआयला तोच भाग 165 च्या आसपास जातो आणि 16 पीएसआयला 265 च्या. टायरची भिंतही थोडा भार उचलत असल्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे येतील, परंतु प्रमाण ध्यानात येण्यास एवढे पुरे. जादा हवेचा परिणाम आपल्याला जाणवतही असेल : खडबडीत रस्त्यावर मागचा अखंड आस उड्या मारतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना पकड सुटते, आणि काही हजार किलोमीटरनंतर टायरची नक्षी मधोमध झिजून कडांना मात्र तशीच राहते.

आता आपल्या वाडीच्या रस्त्याविषयी. जांभ्याच्या कडा धारदार असतात आणि हवा फार उतरवली, तर टायरची भिंत बाहेर फुगून नेमकी त्या कडांसमोर येते. नक्षीच्या भागात पडलेले भोक बुजवता येते. भिंतीला गेलेली चीर मात्र दुरुस्त होत नाही, टायरच बदलावा लागतो. म्हणून कातळावर 20 ते 22 पीएसआयच्या खाली जाण्याचे कारण मला दिसत नाही. त्या दाबाला टायर दगडावरून उडण्याऐवजी त्याच्याभोवती किंचित दबतो. फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा संथ गियर) टाकून माणसाच्या चालीने गाडी काढावी. टप्पा एक-दोन किलोमीटरचाच असेल आणि गाडी नेहमी विनासायास जात असेल, तर रोज हवा काढण्या-भरण्याचा खटाटोप करू नये, वेग कमी ठेवला की झाले.

चिखलाच्या बाबतीत ‘हवा कमी म्हणजे पकड जास्त’ हे सूत्र सरसकट लागू पडत नाही. वर चार बोटे लाल राड आणि खाली घट्ट मुरूम किंवा कातळ असेल, तर चिखल कापून तळाला टेकणारा अरुंद, नेहमीच्या हवेचा टायरच बरा. भाताच्या खाचरासारखी तळ न लागणारी जमीन असेल, तरच 18 च्या आसपास उतरावे. सळई किंवा काठी खुपसून तळ किती खोल आहे ते आधी पाहावे. याला दोन मिनिटे लागतात आणि ट्रॅक्टर बोलावण्याची वेळ टळते.

वाळूत मात्र हवा काढल्याशिवाय गत्यंतर नाही. तेथे टायर जितका लांबट पसरेल तितका तो वाळूवर तरंगतो. पसरण्यातली बरीचशी वाढ रुंदीत नव्हे, लांबीत होते, म्हणूनच अरुंद टायरच्या हलक्या गाड्याही टेकड्या चढून जातात. 16 ते 18 पीएसआयने सुरुवात करावी, गाडी अडली तर चाके फिरवून खड्डा खोल न करता आणखी दोन पीएसआय काढावेत. 12 हा आकडा केवळ रुतलेली गाडी बाहेर काढण्यापुरता ठेवावा, कारण त्या दाबाला जोराचे वळण घेतल्यास टायरची कड रिममधून निसटते. वाळू संपून डांबर लागले, की पुन्हा पूर्ण हवा भरल्याखेरीज वेग घेऊ नये. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात वाकतो, आतून तापतो आणि महामार्गाच्या वेगाला फुटू शकतो. तेव्हा कंप्रेसर जवळ नसेल, तर हवा काढूच नये. मोठा कंप्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडावा. लायटरच्या सॉकेटवर तो चालवला, तर फ्यूज जातो.

प्रश्न : कंपनीचे 195/80 आर 15 टायर बदलून मी 215/75 आर 15 ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीचे) बसवले आहेत. आता पट्टीवरचा आकडा चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : सुरुवात त्याच आकड्यापासून करावी. नवा टायर रुंद आहे, व्यासाने सुमारे एक सेंटिमीटर मोठा आहे आणि त्यात हवा जास्त मावते. त्यामुळे तेवढेच वजन पेलायला त्याला अधिक दाब लागण्याचे सहसा कारण नसते. मात्र टायरच्या आकड्यांपुढे ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर) असे असेल, तर त्याची भिंत जाड असते, आणि तो कमी हवेतही वरवर पाहता ताठ दिसतो. अशा टायरचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नये, हवा मोजण्याचे गेजच लावावे.

अचूक आकडा शोधण्यासाठी गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी ऊन लागण्याआधी दाब मोजून लिहून ठेवावा. नेहमीच्या सामानासह महामार्गावर तासभर एकसारख्या वेगाने जाऊन लगेच पुन्हा मोजावा. चार पीएसआयच्या आसपास वाढ झाली, तर आकडा बरोबर आहे. वाढ सहाच्या पुढे गेली, तर टायर जास्त तापतो आहे, म्हणजे हवा कमी पडते. एक-दोनच वाढली, तर हवा जास्त आहे. वाढलेली हवा तापल्या टायरमधून काढू मात्र नये. याच्या जोडीला खडूची परीक्षा घ्यावी : टायरवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढून सपाट रस्त्यावर थोडे सरळ जावे. रेघ फक्त मधोमध पुसली गेली, तर हवा उतरवावी; कडांना पुसून मध्ये राहिली, तर भरावी.

स्टेपनी जुन्याच मापाची राहिली असेल, तर ती बसवून फोर-व्हीलमध्ये डांबरावर गाडी चालवू नये.

प्रश्न : लेहला जाताना उंचीमुळे टायर फुगतात, म्हणून निघतानाच हवा कमी करावी असे सांगतात. ते खरे आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अर्धेच खरे आहे. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. लेह सुमारे 3500 मीटरवर आहे आणि तेथे बाहेरचा दाब नाशिकपेक्षा साधारण चार पीएसआयने कमी असतो, म्हणून गेजचा आकडा तेवढा चढतो. परंतु थंडीने तो उतरतोही, दर सहा अंशांना जवळपास एक पीएसआय. नाशिकला 30 अंशांत 26 भरलेला टायर लेहच्या पहाटे आठ अंशांत 27 च्या आसपास दिसेल. निघताना हवा कमी केली, तर पूर्ण सामान घेऊन मैदानातले शेकडो किलोमीटर तापत्या रस्त्यावर कमी हवेनेच जावे लागेल. लेहला पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायर मोजावेत. तेथे हवा काढली असेल, तर परत उतरताना मनालीला ती पुन्हा भरावी.