खड्ड्यात अलॉय तडकलं, वेल्डिंग करू का?

प्रश्न : परवा रात्री पावसात घोडबंदर रोडला पाण्याखालचा खड्डा दिसलाच नाही, पुढचं डावं चाक धाडकन आपटलं, टायर बसला आणि अलॉयला आतून चीर गेली. गाडी तीनच वर्षांची आहे. टायरवाला म्हणतो वेल्डिंग मारून देतो, कळणार पण नाही. करून घेऊ का? आणि कंपनीवाले ही चाकं टेस्ट तरी करतात का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : करतात, आणि चांगली कडक करतात. खड्ड्याच्या जवळची टेस्ट म्हणजे इम्पॅक्ट टेस्ट. चाकाला टायर लावून हवा भरतात, 13 अंश तिरकं बसवतात आणि 230 मिलिमीटर उंचीवरून रिमच्या कडेवर वजन सोडतात. वजन किती, तर त्या चाकाच्या कमाल लोडच्या 0.6 पट अधिक 180 किलो, म्हणजे 500 किलोच्या चाकावर 480 किलो पडतं! फटका बसला तिथे रिम वाकली तरी चालतं, पण मधल्या भागात आरपार चीर जाता कामा नये, मधला भाग रिमपासून सुटता कामा नये आणि एका मिनिटात सगळी हवा जाता कामा नये.

याशिवाय फटीग टेस्ट असतात, म्हणजे पुन्हा पुन्हा जोर देऊन धातू थकतो का ते बघतात, एकात वळणावर येतो तसा वाकवणारा जोर चाकावर सतत देत राहतात आणि दुसऱ्यात टायरसकट चाक जास्तीच्या लोडने ड्रमवर दाबून पळवत राहतात, चीर पडते का बघायला. आपल्याकडे अलॉयसाठी ठरलेलं स्टँडर्ड आहे, पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत अशी टेस्टिंग होते.

पण टेस्टमधला फटका ठरलेला असतो, खड्ड्याचा नसतो. वेग जास्त असेल किंवा टायरमध्ये हवा कमी असेल तर रबर पूर्ण दबून खड्ड्याची कड थेट रिमला लागते.

आता वेल्डिंग. माझं स्पष्ट मत आहे, अजिबात करू नका. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, त्याचं चाक ओतल्यावर साधारण 540 अंशांपर्यंत तापवून पाण्यात थंड करतात, मग कमी तापमानाला काही तास ठेवतात, त्याची ताकद या सगळ्यातून येते. वेल्डिंगची उष्णता लागली की चिरेच्या आजूबाजूचा भाग नरम पडतो, वरून घासून रंग मारला की दिसत काहीच नाही आणि जे चाक टेस्टमध्ये पास झालं होतं ते हे चाक राहत नाही. पुढचं चाक आहे, घरची माणसं बसतात त्यात, नवीनच घ्या. टायर पण काढून आतून बघायला सांगा, बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेत, तो टायर पण गेला. आणि आता बदलायचंच आहे तर मोठं अलॉय आणि बारीक टायर टाकू असा मोह होईल, तो टाळा, मुंबईच्या पावसाळ्यात रिम आणि खड्डा यांच्यामध्ये जेवढं रबर असेल तेवढं हवंच आहे.

प्रश्न : समृद्धीवर टायर फुटल्याच्या बातम्या ऐकून भीती वाटते. आपले टायर 120 च्या स्पीडला टेस्ट झालेले असतात का हो?
– एक वाचक, दादर

उत्तर : त्याच्या बऱ्याच पुढे. टायरवर 88एच असं काहीतरी लिहिलेलं असतं, 88 म्हणजे 560 किलो लोड आणि एच म्हणजे 210 किलोमीटरचा वेग. फिरत्या ड्रमवर टायर दाबून वेग टप्प्याटप्प्याने त्या मर्यादेच्या आसपास नेतात, तासभर चालते ही टेस्ट. पण टायर नवा असतो आणि हवा पूर्ण असते, हे महत्त्वाचं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दुमडते, आतून तापत जाते आणि सलग दोन-तीन तास एकाच वेगाने गेलं की तिथेच फाटते, शहरात सिग्नलला थांबत जाताना हे एवढं कळत नाही. म्हणून निघायच्या आधी टायर थंड असतानाच हवा चेक करा, आकडा ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर बघा, गाडी भरलेली असेल तर तिथलाच फुल लोडचा आकडा धरा. ग्रिप 1.6 मिलिमीटरच्या खुणेपर्यंत झिजली असेल तर टायर बदलूनच निघा, आणि स्टेपनीची हवा पण त्याच वेळी बघून घ्या.