मामाची टेप, ताईचं लग्न आणि ५९.९४ ची भानगड

प्रश्न : नमस्कार सर, ताईच्या लग्नाला २० वर्षं झाली म्हणून घरी एक व्हिडिओ बनवतोय. लग्न साताऱ्यात मिनीडीव्हीवर (छोट्या डिजिटल कॅसेटवर) शूट केलेलं, ते नीट दिसतंय. मामाने न्यू जर्सीहून त्याच्या मिनीडीव्ही टेप्स पाठवल्यात, त्यात त्यांचं घर, बर्फात खेळणारी मुलं असं सगळं आहे. पण त्या एडिटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेमच्या टाईमलाईनवर टाकल्या की कॅमेरा फिरला रे फिरला की झटके बसतात आणि हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. काय करू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : टेप खराब नाहीत, घाबरू नका. मामाचा कॅमेरा एनटीएससी आणि तुमचा पॅल, म्हणजे टीव्हीच्या दोन वेगळ्या पद्धती, एवढीच भानगड आहे. आपल्याकडे १९८२ ला रंगीत दूरदर्शन आलं तेच पॅलमध्ये, म्हणजे ६२५ लाईन आणि सेकंदाला ५० फील्ड (फील्ड म्हणजे एक सोडून एक लाईनींचं अर्धं चित्र), अमेरिकेत ५२५ लाईन आणि ५९.९४ फील्ड. आता हा ५९.९४ असला विचित्र आकडा कुठून आला तर आधी तिकडे सरळ ६० होते, १९५३ ला रंग घुसवताना रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलशी भांडून पडद्यावर जाळी उठू नये म्हणून वेग किंचित कमी केला, आणि ते आपण अजून निस्तरतोय.

खरी गोष्ट अशी की या टेपवरच्या एका फ्रेममध्ये एक क्षण नसतो, दोन असतात. विषम लाईनींचं एक फील्ड आणि सम लाईनींचं दुसरं, दोघांत साधारण १/६० सेकंदाचं अंतर. ते एकाच वेळी दाखवले की दात दिसतात. बहुतेक लोक काय करतात, साधं डीइंटरलेस मारतात, म्हणजे दोन फील्डची एक फ्रेम होऊन २९.९७ उरतात, आणि मग टाईमलाईन त्यातली साधारण दर सहावी फ्रेम फेकून २५ करते. म्हणजे सेकंदाला पाच गचके, आणि तेच तुम्हाला दिसतायत. अर्धी हालचाल आधीच फेकली, मग उरलेल्यातली परत फेकली, स्मूथ कुठून येणार?

त्यामुळे एडिटिंगला बसायच्या आधीच क्लिप बॉब करून घ्या, म्हणजे प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम. हॅन्डब्रेक हे व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात डीइंटरलेसला बीडब्ल्यूडीआयएफ (Bwdif), त्याचा प्रीसेट बॉब, फ्रेमरेट ५९.९४ आणि कॉन्स्टंट. क्वालिटीचा आकडा १४-१५ ठेवा, तिथे आकडा कमी म्हणजे क्वालिटी जास्त. वेळ असेल आणि मशीन रात्रभर चालू ठेवायची तयारी असेल तर एव्हीसिंथ या सॉफ्टवेअरमधलं क्यूटीजीएमसी (QTGMC) हे फिल्टर याहून बरंच छान करतं, पण ते सेट करायला डोकं लागतं. लग्नाचं फुटेजही असंच बॉब करा, ते ५० होईल. मग टाईमलाईन २५ ची नाही, ५० ची घ्या. ५९.९४ वरून ५० ला येतानाही सेकंदाला दहाएक फ्रेम जातात, पण प्रत्येक उडी १/६० सेकंदाची, डोळ्याला फारशी कळत नाही.

बॉब झाल्यावर एक तपासा. मुलगा हात हलवतोय असा शॉट काढून एकेक फ्रेम पुढे न्या. हात पुढे-मागे-पुढे असा नाचत असेल तर फील्डचा क्रम उलटा लागलाय. मिनीडीव्ही फायरवायर केबलने (कॅमेऱ्यातून थेट डिजिटल) उतरवली असेल तर क्रम खालचं फील्ड आधी, दोन्ही देशांत तोच. कुणी ॲनालॉग कार्डातून कॅप्चर करून दिली असेल तर मात्र बहुतेक वेळा वरचं आधी असतं.

ऑप्टिकल फ्लो, म्हणजे मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने अंदाजाने बनवणं, लावू का असं पुढे विचाराल. निवांत शॉटला लावा. पडणारा बर्फ, धावणारी मुलं, तिथे लावू नका, सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम मनाने रंगवतं आणि बर्फाचे दोरे होतात. आणि कुणी ‘क्लिपचा फ्रेमरेट बदलून सरळ २५ कर’ म्हणालं तर ऐकू नका, तासाची टेप ७२ मिनिटांची होईल आणि मामाचा आवाज झोपेतून उठल्यासारखा. नीट कन्व्हर्ट केलं तर लांबी तेवढीच राहते, आवाजाला हातही लावायचा नसतो.

साईजचं म्हणाल तर मामाची ७२० बाय ४८० आणि तुमची ७२० बाय ५७६, दोन्ही ४:३ चेच आहेत. एचडी टाईमलाईनवर दोन्ही १४४० बाय १०८० करा, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. पट्ट्या नको म्हणून ताणलंत की ताई जाड दिसणार, मग तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : मोबाईलवर सेकंदाला ३० फ्रेमने शूट केलेल्या कार्यक्रमात ट्यूबलाईटखाली काळे पट्टे फिरतात. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोक असलेली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे जातात. शूट होऊन गेलेल्याला फ्लिकर काढायचे प्लगइन आहेत, पण पूर्ण साफ होईलच असं नाही.

प्रश्न : हाच व्हिडिओ डीव्हीडीवर अमेरिकेत पाठवायचाय. (पहिलेच वाचक)

उत्तर : मग ती कॉपी वेगळी, एनटीएससीमध्ये बनवा. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात, तिकडचे बरेचसे पॅल घेत नाहीत. रीजनची (डिस्क ठराविक देशांतच चालावी म्हणून घातलेल्या कुलपाची) कटकट नको म्हणून डिस्क रीजन फ्री ठेवा. नाहीतर पेनड्राईव्हवर एमपी४ द्या, ५० फ्रेमचीही कॉम्प्युटरवर चालते, मामाचा टीव्ही हटून बसला तर लॅपटॉप लावायला सांगा.