"ग्रहणात मी मेथी चिरली होती, मॅडम"

डाऊन सिंड्रोम ही शारीरिक-बौद्धिक वाढ संथ करणारी जन्मजात अवस्था असलेल्या बाळाची आई समोर बसली की तिचा पहिला प्रश्न बहुधा उपचारांचा नसतो, "माझं काय चुकलं?" हा असतो. हा प्रश्न अलीकडे इतक्यांदा ऐकला, की एका कुटुंबाशी झालेल्या चार भेटींविषयी लिहावेसे वाटले. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

२६ वर्षांची शुभदा तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन आपल्या आईसोबत आली. पाचव्या महिन्यात ग्रहण लागलेले असताना तिने विळीवर मेथी चिरली होती आणि सासरी तेच कारण ठरले होते. ग्रहणाचा काही संबंध नाही, हे मी त्या दिवशी सांगितले नाही. अपराधीपणाची हकिगत पूर्ण ऐकल्याशिवाय त्यावर विज्ञान ओतू नये, असे माझे जुने मत आहे.

दुसऱ्या भेटीत गुणसूत्रांच्या, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक माहितीच्या धाग्यांच्या, तपासणीचा अहवाल आला. छायाचित्रात जोड्या ओळीने मांडलेल्या होत्या. २१ व्या जागी मात्र दोनाऐवजी तीन चिमुकली गुणसूत्रे होती; डाऊन सिंड्रोमचे कारण हेच. शुभदाने तिसऱ्यावर नख ठेवले. मी सांगितले, की आपल्या पेशींत ४६ गुणसूत्रे, म्हणजे २३ जोड्या असतात, आणि अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत त्यांतली निम्मीच जावीत म्हणून अर्धसूत्री विभाजन होते: गुणसूत्रांची प्रत एकदाच निघते, पण पेशी दोनदा विभागते. पहिल्या खेपेस जोडीदार वेगळे होतात, दुसऱ्या खेपेस प्रत्येकाचे दोन धागे. एखादी जोडी सुटलीच नाही, तर अंडपेशीत २४ जातात आणि गर्भात ४७ होतात. विळी हातात घेतली, त्याच्या कितीतरी आधीच ते तिसरे गुणसूत्र बाळाच्या पेशींत होते.

"म्हणजे ग्रहण नाही, माझं अंडंच वाईट," ती म्हणाली. दोष विळीवरून उठून तिच्या शरीरात जाऊन बसला होता.

तिसऱ्या भेटीत मी माझा आवडता भाग, थोड्या अभिमानानेच, समजावून सांगितला. स्त्रीच्या अंडपेशींचे हे विभाजन ती स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. जन्माच्या वेळी अशा थांबलेल्या पेशी १० ते २० लाख असतात. पुढे अंडपेशी पक्व होऊन बाहेर पडण्याच्या सुमारास पहिले विभाजन पुरे होते, दुसरे तर शुक्रपेशी आत शिरल्यावरच. इतकी वर्षे गुणसूत्रांना धरून ठेवणारे प्रथिनांचे बंध हळूहळू सैल पडतात. म्हणून वयाच्या ३५ व्या वर्षी अशा बाळाची शक्यता साधारण ३५० त एक असते, तर ४० व्या वर्षी १०० त एक. विशीतही ती शून्य नसते. जादा गुणसूत्र सुमारे ९० टक्के वेळा अंडपेशीतून येते, हेही मी लपवले नाही.

आतापर्यंत गप्प असलेली तिची आई एकदम म्हणाली, "ही पोटात असताना मी सातव्या महिन्यापर्यंत डोक्यावरून पाणी वाहत होते."

मी चपापले. माझ्या सुरेख स्पष्टीकरणाने दोष एक पिढी मागे ढकलला होता! मी काही बोलणार, तोच शुभदा म्हणाली, "अगं आई, पाणी वाहिल्याने गुणसूत्रांचे बंध सैल होतात का? ते कुणाच्या हातात असतं का?"

आणि ती थांबली. बाळाने तिची बांगडी मुठीत धरली होती, ती सोडवण्याचेही तिला भान नव्हते. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "विळीच्याही नाही."

जे वाक्य मी दोन भेटींत तिच्या गळी उतरवू शकले नाही, ते तिने आईसाठी उच्चारताना स्वतः ऐकले. म्हणून आजी-आजोबांनाही बोलावा, असे मी आता आग्रहाने सांगते. अहवाल मात्र नीट वाचून घ्यावा. तिसरे २१ वे गुणसूत्र सुटे असेल, तर तरुण आईच्या पुढच्या बाळात असे पुन्हा होण्याची शक्यता साधारण १०० त एक असते. ते दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असेल, तर आईवडिलांचीही तपासणी लागते. अशा सुमारे निम्म्या बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, त्यामुळे हृदयाची सोनोग्राफी, थायरॉईड आणि श्रवणाच्या तपासण्या लांबवू नयेत. 'कोणामुळे' या चर्चेत नेमके हेच महिने निघून जातात.

चौथ्या भेटीला सासूबाई आल्या. बसल्याबसल्या पिशवीतून अहवाल काढून म्हणाल्या, "ते तिसरं कुठलं, मला दाखवा." मी काही बोलण्याआधी शुभदाने बोट ठेवले.