खताच्या युक्तिवादातलं लपलेलं गृहीतक नेमकं कुठे शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. सराव परीक्षेत विधान होतं : ‘मागच्या खरिपात गावातल्या ज्या शेतकऱ्यांनी सोयाबीनवर विद्राव्य (पाण्यात विरघळणारं) खत फवारलं त्यांना एकरी १० क्विंटल उतारा आला, ज्यांनी फवारलं नाही त्यांना ७. म्हणून बाकीच्यांनीही फवारलं तर त्यांचं उत्पादन वाढेल.’ यातलं गृहीतक, म्हणजे न सांगता धरून चाललेली गोष्ट, म्हणून तुम्ही ‘वाढीव मालातून खताचा खर्च निघतो’ हा पर्याय निवडला. उत्तरतालिकेत मात्र ‘दोन्ही गटांच्या शेतांत उताऱ्यावर परिणाम करणारा दुसरा मोठा फरक नव्हता’ असं दिलंय, आणि ते तुम्हाला पटत नाही.

तालिका बरोबर आहे. पण तुमची चूक मला जवळची वाटली, कारण ती शेतकऱ्याच्या घरातली आहे. आमच्याकडे ‘यंदा उत्पन्न किती झालं?’ असं विचारलं की उत्तर क्विंटलमध्ये येतं. पुस्तकी मराठीत उत्पादन म्हणजे माल आणि उत्पन्न म्हणजे पैसा. बोलताना आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो. विधानात ‘उत्पादन’ लिहिलंय, तुम्ही ‘उत्पन्न’ वाचलंत. शेवटी खरंच ‘हातात जास्त पैसे पडतील’ असं असतं, तर तुमचा पर्यायही लागला असता. म्हणून पर्यायांकडे जायच्या आधी माहितीतला मुख्य शब्द आणि निष्कर्षातला मुख्य शब्द, दोन्हींखाली रेघ मारा. शब्द बदलला असेल तर बहुतेक वेळा गृहीतक त्या दोन शब्दांच्या मधेच बसलेलं असतं.

इथे उतारा म्हणजेच उत्पादन, त्यामुळे अर्थ बदललेला नाही. इथे सगळा खेळ ‘म्हणून’ या शब्दात आहे. आधीचं वाक्य सांगतं की फवारणी आणि जास्त उतारा एकाच शेतात दिसले. नंतरचं सांगतं की फवारणीमुळे उतारा वाढला. या दोन गोष्टी एक नाहीत.

गावात फवारतो कोण, ते आठवून बघा. एकराला साधारण २०० लिटर पाणी लागतं. ज्याच्या बांधावर विहीर आहे त्याला हे जड नाही. कोरडवाहूवाल्याला ड्रम भरून बैलगाडीतून न्यावा लागतो, मग तो म्हणतो, ‘राहू दे यंदा.’ पण विहीरवाला नुसतं फवारून थांबत नाही. शेंगा भरताना पावसानं खंड दिला की तो एक रात्र स्प्रिंकलर लावतो. त्यानं कदाचित फुले संगम या वाणाचं विकतचं बियाणं पेरलेलं असतं आणि शेजाऱ्यानं जेएस ३३५ या वाणाचं घरचं. आता ते वरचे ३ क्विंटल खताचे, पाण्याचे की बियाण्याचे? विधान करणारा ‘खताचे’ म्हणून मोकळा झाला. बाकीचा फरक नव्हताच, हे त्यानं न सांगता धरून टाकलं.

पडताळा सोपा आहे : पर्याय उलटा करून विधानात घाला. तुमचा उलटा केला की ‘खर्च निघत नाही’. ठीक, शेतकरी तोट्यात जाईल, पण सोयाबीन वाढलंच ना? युक्तिवाद उभा राहिला. तालिकेतला उलटा केला की ‘दुसरा मोठा फरक होता’, आणि खताच्या पायाखालची जमीन सरकली. मात्र उलटं करताना ‘सगळ्यांना’चं ‘काहींना नाही’ होतं, ‘कोणालाच नाही’ होत नाही. माझे सुरुवातीचे बरेच गुण इथेच गेले. आणि गृहीतक खरं आहे का, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. इथलं तर बहुधा खोटंच आहे, तरी उत्तर तेच.

शेतीतल्या प्रयोगांचा सगळा आटापिटा हे एक गृहीतक धरावं लागू नये यासाठीच असतो. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रावर १८४३ पासून गव्हाचं एकच रान पट्ट्यापट्ट्यांनी वेगवेगळी खतं देऊन पेरलं जातंय, आणि त्यातला एक पट्टा तेव्हापासून बिनखताचा आहे. रान एक, पाऊस एक. तरी एका कडेची जमीन जरा कसदार निघाली तर? १९१९ मध्ये तिथे रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञांनी पुढे यावर तोड सुचवली : कुठल्या वाफ्याला कुठलं खत, हे माणसानं ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखं नशिबावर सोडायचं. तुमच्या विधानातल्या गावात चिठ्ठ्या विहिरींनी टाकल्या होत्या.

त्याच विधानात दुसरंही एक गृहीतक दडलंय, पर्यायांत नसलं तरी. ‘बाकीच्यांचंही वाढेल’ म्हणताना त्यांच्या रानात या खतातल्या अन्नद्रव्याचीच कमतरता आहे असं धरलंय. पिकाची वाढ सगळ्यात कमी पडणाऱ्या घटकावर अडते. अडचण पाण्याची असेल तर पानावर कितीही फवारा.

आता एक तुमच्यासाठी. ‘युरियातही ४६ टक्के, डीएपीतही ४६ टक्के, युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची १,३५० ला मिळते. म्हणून सोयाबीनला युरियाच टाकावा.’ गृहीतक शोधा. एक गोणी ४५ किलोची आणि दुसरी ५० ची, त्यात अडकू नका. ४६ टक्के कशाचे, ते आधी बघा.