पंप बदला म्हणतात, पण हवा काढली का?

प्रश्न : नमस्कार भाई, माझ्याकडे २०१२ ची सेकंडहँड जर्मन पेट्रोल सेडान आहे, वॉटर पंप बेल्टवरचा नाही, इलेक्ट्रिक आहे. गेल्या महिन्यात रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) फुटला तो म्हापशाला बदलून घेतला, त्यानंतर पंधरा दिवसांनी पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरची पिवळी वॉर्निंग आली आणि परवा धारगळला हायवेवर ८० च्या स्पीडला थेट लाल. थांबून घरातलं विहिरीचं पाणी बाटलीत होतं ते ओतलं. स्कॅनरवर 'कूलंट पंपचा स्पीड रेंजबाहेर' असा कोड आलाय, गॅरेजवाला म्हणतो पंप आणि थर्मोस्टॅट (तापमान बघून कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) दोन्ही बदला. खर्च ऐकून झोप उडाली हो. खरंच पंप गेला असेल का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : गेलाही असेल, पण नुसत्या कोडवरून पंपाला फाशी देऊ नका. फक्त ट्रॅफिकमध्ये तापली असती तर मी आधी रेडिएटर फॅन बघा म्हटलं असतं, पण ८० च्या स्पीडला समोरून वारा भरपूर असतो, तरी तापली म्हणजे आतलं कूलंट फिरत नाहीये. का फिरत नाही, एवढंच शोधायचंय.

तुमच्या पत्रात मला होज खटकला. होज बदलला पण हवा काढली का? इलेक्ट्रिक पंपात हवा अडकली की तो पाण्याऐवजी हवाच घुसळतो, लोड नसल्याने स्पीड भलताच होतो आणि नेमका असाच कोड येऊ शकतो. गाडी पूर्ण थंड असताना (गरम असताना झाकण उघडलंत तर हात भाजलाच समजा) कूलंट लेव्हलला भरा, बॅटरीला चार्जर लावा, इंजिन बंद ठेवून इग्निशन ऑन करा, हीटर फुल गरम, ब्लोअर एकदम कमी, मग ॲक्सिलरेटर १० सेकंद तळापर्यंत दाबून धरा. या गाड्यांत पंप मग आपोआप साधारण १२ मिनिटं चालतो आणि हवा बाहेर काढतो. बोनेटपाशी कान द्या, आवाज कमीजास्त होत राहतो. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तेच करा. लेव्हल खाली गेली तर टॉपअप करून परत एकदा. गोव्यात हीटर कोण लावतो म्हणा, पण तो इथे कामाला येतो, इंजिन गरम आणि हीटरमधून थंड हवा म्हणजे पाणी फिरत नाही.

पंप हललाच नाही तर त्याचा कनेक्टर काढून आत बघा. पिनांवर हिरवट बुरशीसारखं दिसलं तर गंज, आपल्या खाऱ्या हवेत नवल नाही. आत कूलंटचा ओलावा दिसला तर मात्र पंपाचं सील गेलंय, कंट्रोलचं सर्किट पंपाच्या आतच असतं त्यामुळे तिथे रिपेअर नाही, बदलाच. पिना स्वच्छ असतील तर मल्टीमीटरवर १२ व्होल्ट बघून खूश होऊ नका, कुजलेली वायर पण बिनलोडची १२ दाखवते. हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब पॉवर आणि अर्थिंगच्या जाड पिनांना लावा, मिणमिणला तर दोष वायरिंगचा. बारीक सिग्नलच्या वायरला बल्ब अजिबात लावू नका, कंट्रोल युनिट उडेल आणि मग पंप स्वस्त वाटेल. बल्ब लख्ख पेटला, स्कॅनरवरून पंप चालवायची कमांड दिली आणि तरी तो गप्प, तर गॅरेजवाला बरोबर. तेव्हा थर्मोस्टॅट पण बदला, पाणी एकदाच काढावं लागतं. बऱ्याच मॉडेलांत पंपाचे बोल्ट ॲल्युमिनियमचे असतात, ते नवेच घ्यायचे.

विहिरीचं पाणी अडचणीला ठीक, आता सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरा. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका, गोडसर लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.

प्रश्न : इंजिन बंद केल्यावर पण पुढून घूंऽऽ आवाज येत राहतो, बॅटरी उतरेल का? — टर्बोवाली गाडी, फोंडा

उत्तर : नाही उतरणार. टर्बो थंड करायला पंप थोडा वेळ चालतो, मग स्वतःच बंद होतो. तासाभराने पण चालूच असेल तर रिले (पंपाला करंट देणारा स्विच) चिकटलाय का बघून घ्या.