ओपन सोर्सवर जायचं की नाही, हे ठरवण्याआधी

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. संस्थेतलं सगळं काम विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर चालतं आणि वर्गणी दरवर्षी वाढते, म्हणून सगळं ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरवर न्यावं असं तुम्हाला वाटतं. वरिष्ठ म्हणतात, फुकटच्या सॉफ्टवेअरला वाली नसतो, घोडं अडलं तर फोन कुणाला करायचा? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की सगळेच असं करायला लागले तर प्रोग्रॅमरांनी पोट कशावर भरायचं. सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळणं हे माझं कामच आहे, दोन्ही प्रकारचं सॉफ्टवेअर रोज हाताखालून जातं, आणि माझं मत ठाम आहे. 'कमर्शियल की ओपन सोर्स' अशी रेघ ओढून बसलात तर चुकीच्या जागी भांडत राहाल. बघायचं ते वेगळंच: नियम बदलायचा अधिकार एकाच मालकाच्या हातात आहे का, आणि त्याने ते बदलले तर तुम्हाला तुमच्या डेटासकट बाहेर पडता येतं का.

आधी थोडा इतिहास. सॉफ्टवेअर विकणं हा मूळ धंदा आणि ओपन सोर्स ही नंतर आलेली टूम, हा समज बरोबर नाही. १९६० च्या दशकात सॉफ्टवेअर यंत्रासोबतच यायचं, बऱ्याचदा सोर्स कोडसकट, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ मजकुरासकट. आयबीएमने यंत्राची आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगळी करायचं जाहीर केलं ते १९६९ मध्ये. त्याच वर्षी अमेरिकी सरकारने त्या कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला होता. १९७६ मध्ये बिल गेट्सने हौशी संगणकवाल्यांना उघड पत्र लिहिलं: आमचं बेसिक (प्रोग्रॅम लिहायची भाषा) विकत न घेता नुसतं कॉपी करत राहिलात, तर चांगलं सॉफ्टवेअर लिहायला कोण बसेल? प्रश्न रास्त होता आणि अजूनही आहे. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरची अडचण दुसऱ्या टोकाची होती. एमआयटीच्या प्रयोगशाळेत आलेल्या झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकला की वापरणाऱ्यांना निरोप जावा, एवढीच सुधारणा त्याला करायची होती. सोर्स कोड मिळेना. १९८३ मध्ये त्याने मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये कोड वापरायच्या-वाटायच्या अटी सांगणाऱ्या जीपीएल परवान्याची पहिली आवृत्ती आली.

यापुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स, म्हणजे विंडोजसारखं संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा, लोकांसमोर ठेवलं तेव्हा त्याच्या परवान्यात अट होती की वाटपाचे पैसे घ्यायचे नाहीत, हाताळणीचा खर्चसुद्धा नाही. १९९२ मध्ये त्याने ती अट काढून जीपीएल स्वीकारला. म्हणजे पैसे घ्यायला मोकळीक दिली, फक्त कोड आणि त्यात केलेले बदल पुढच्याला द्यायचं बंधन ठेवलं. त्यानंतर फ्लॉपी आणि सीडीवर लिनक्स विकणारे आले, मग मदत विकणाऱ्या कंपन्या आल्या, त्यांनी पगारी माणसं नेमली आणि लिनक्स वाढलं. आज कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या या गाभ्यात, जाणारं बहुतांश काम कंपन्यांच्या पगारी इंजिनिअरांचं असतं. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. लिनक्ससाठी मदत विकणारी रेड हॅट कंपनी विकत घ्यायला आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजले, तो व्यवहार २०१९ मध्ये पूर्ण झाला. त्यामुळे ओपन सोर्स म्हणजे धंद्याचा शत्रू, ही कल्पना दोन्ही बाजूंच्या लोकांनी सोडून द्यावी. कोड उघडा की बंद हा एक मुद्दा, त्यावर कुणी पैसे कमावतो की नाही हा दुसरा. उघडा-बंद आणि कमाई-बिनकमाई, अशा चारही जोड्या बाजारात आहेत.

आता वरिष्ठांचा मुद्दा. तो मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड नावाचा दोष उघडकीस आला. इंटरनेटवरच्या सुरक्षित दळणवळणाचा मोठा भाग त्या कोडवर उभा होता. दोष दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि कुणी पाहिला नव्हता. त्या प्रकल्पाला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या २००० डॉलरच्या आसपास. अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या तो कोड वापरत होत्या आणि त्याची निगा राखणाऱ्या मूठभर माणसांकडे कुणी बघत नव्हतं. कोड उघडा आहे म्हणून कुणीतरी तो वाचतच असेल, हे गृहीत धरणं धोक्याचं आहे.

त्याहून अस्वस्थ करणारं प्रकरण २०२४ च्या मार्चमधलं. एक्सझेड ही फायली लहान करणारी साधी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. तिची निगा एक माणूस हौसेने, एकटा राखत होता आणि थकला होता. जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत करून विश्वास कमावला, प्रकल्पाच्या किल्ल्या मिळवल्या आणि आत चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायला, साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला. कोड उघडा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं. पण त्या थकलेल्या मेंटेनरला कुणी वेळेवर हात दिला असता, तर शिरकाव एवढा सोपा नसता. हे प्रकरण वाचताना मला राग आला तो चोरापेक्षा जास्त आपल्या सगळ्यांचा. आपण वापरतो सगळे, सांभाळायची वेळ आली की हात वर.

म्हणून वाली कोण, हे विचारायलाच हवं. फक्त तोच प्रश्न बंद सॉफ्टवेअरलाही विचारा. २०२४ च्या जुलैमध्ये क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. विमानतळ, रुग्णालयं, बँका ठप्प झाल्या. तिथे फोन करायला कंपनी होती, करार होता, पैसेही भरलेले होते, तरी बहुतेक ठिकाणी माणसांना एकेका यंत्रासमोर बसून ते सेफ मोडमध्ये चालू करून ती सदोष फाइल काढावी लागली. करारपत्रातला जबाबदारीचा भाग एकदा शांतपणे वाचा. नुकसानभरपाईची मर्यादा बहुधा तुम्ही भरलेल्या शुल्काच्या आसपास बांधलेली असते. पैसे भरल्याने मदत मिळते, जोखीम तुमच्याकडेच राहते. आणि ती मदत ओपन सोर्ससाठीही विकत मिळते.

खरं पाणी मुरतं ते मालकीत. गेल्या काही वर्षांत डेटाबेस आणि सर्व्हरसाठीची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी आपलाच ओपन सोर्स परवाना बदलला. २०१८ मध्ये मोंगोडीबी, २०२१ मध्ये इलॅस्टिक, २०२३ मध्ये हॅशिकॉर्प, २०२४ मध्ये रेडिस. कारण साधारण एकच होतं: मोठ्या क्लाउड कंपन्या (इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या) आमचा कोड घेऊन सेवा विकतात, कमाई त्यांची आणि लिहायचा खर्च आमचा. ही तक्रार मला खरी वाटते. पण परवाना बदलणं त्यांना शक्य झालं, कारण एकूण कोडवरचे हक्क एका कंपनीकडे गोळा झाले होते. बाहेरून योगदान देणाऱ्यांकडून तसा करार लिहून घेतलेला असतो किंवा मूळ परवानाच तेवढी सूट देतो. याउलट लिनक्स कर्नेलचे हक्क हजारो लोकांत आणि कंपन्यांत विखुरलेले आहेत. उद्या कुणाच्या मनात आलं तरी त्याचा परवाना बदलता येणार नाही. पोस्टग्रेसचंही तसंच, त्याला एक मालकच नाही. डेटाबेस निवडताना मी वेग आणि सोयींच्या आधी हे बघतो.

परवाना बदलल्यावर काय झालं तेही बघा. इलॅस्टिकमधून ओपनसर्च निघालं, हॅशिकॉर्पच्या टेराफॉर्ममधून ओपनटोफू, रेडिसमधून वॅल्की. आधीच दिलेला हक्क परत घेता येत नाही, त्यामुळे जुन्या आवृत्तीवरून लोकांनी पुढचं काम सुरू केलं. इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये पुन्हा एक ओपन सोर्स परवाना उपलब्ध करून दिला. सर्व्हरवर चालणाऱ्या सेंटओएस ८ या मोफत लिनक्सचा आधार २०२९ पर्यंत मिळणार होता, तो २०२१ अखेरच संपेल असं २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं, तेव्हा माझ्यासारखे अनेक जण खिंडीत सापडले होते. पण काही महिन्यांत त्याच धर्तीचे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले आणि सर्व्हर तिकडे नेता आले. आता शेजारी ठेवा व्हीएमवेअरचं उदाहरण, एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवायचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी. २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि त्याच डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून सगळं वर्गणीवर आणलं. ग्राहकांपुढे दोनच रस्ते उरले: नवे दर मान्य करा, नाहीतर सगळा डोलारा दुसऱ्या प्रणालीवर हलवा. तोच कोड घेऊन तिसऱ्याने पुढे चालावं, ही सोय तिथे नव्हती. धनी बदलतात, लहरी बदलतात, हे दोन्हीकडे होतं. फरक त्यानंतरच्या दिवशी कळतो.

क्लाउडने मात्र यात एक गुंता वाढवलाय. सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या यंत्रावर चालत असेल, तर खालचा कोड कितीही उघडा असला तरी तुम्हाला त्याचा थेट उपयोग नाही. तिथे डेटा पूर्ण आणि वापरता येईल अशा रूपात बाहेर काढता येतो का, एवढंच पाहायचं.

आता बंद सॉफ्टवेअरची बाजू. काही कामांत ते खरोखर सरस आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. इंजिनिअरिंग ड्रॉइंग, छपाईचं रंगकाम, मोठमोठ्या मॅक्रोंवर (एका फटक्यात चालणाऱ्या आज्ञांवर) चालणारी हिशेबाची शीट्स, इथे वर्षानुवर्षं पैसे ओतून बारीकसारीक सोयी घडवलेल्या असतात. त्या कामावर बसणाऱ्या माणसाला तत्त्वासाठी पर्यायी सॉफ्टवेअर वापरायला लावणं हा अन्याय आहे. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, सुमारे १५,००० संगणक हलवले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं. त्यात राजकारण होतंच, पण बाहेरून येणारी कागदपत्रं नीट न उघडणं आणि खात्याखात्यांची खास सॉफ्टवेअर्स ही अडचणही खरी होती. दुसरीकडे ब्लेंडर हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर. २००२ मध्ये त्यामागची कंपनी बंद पडल्यावर लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून कोड मुक्त केला, आणि २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेला लॅटव्हियन चित्रपट त्याच ब्लेंडरमध्ये बनला. त्यामुळे 'व्यावसायिक दर्जा ओपन सोर्सला झेपत नाही' हेही सरसकट खरं नाही. एकेक काम घेऊन तपासावं लागतं.

नोकऱ्यांची काळजी मला सगळ्यात कमी वाटते. बहुतेक प्रोग्रॅमर विकाऊ पॅकेज लिहीतच नाहीत. ते बँकेच्या, कारखान्याच्या, दवाखान्याच्या आतल्या गरजेसाठी कोड लिहितात, जोडतात, दुरुस्त करतात. तयार ओपन सोर्स भाग हाताशी आल्याने हे काम वाढलंय. काळजी करायची तर त्या थकलेल्या एकांड्या मेंटेनरांची करा, ज्यांच्या कामावर बाकीच्यांचे पगार उभे आहेत.

तुमच्या संस्थेपुरतं सांगायचं तर सगळं एकदम हलवू नका. कर्मचाऱ्यांची टेबलं सर्वांत शेवटी. सुरुवात फायलींच्या स्वरूपापासून करा. नवी कागदपत्रं ओडीएफ या खुल्या फाइल-स्वरूपात ठेवता येतात का बघा, ते २००६ पासून आयएसओ या जागतिक मानक संस्थेचं मानक आहे. पाठवायच्या प्रती पीडीएफ. मग पडद्यामागची कामं घ्या: फाइल सर्व्हर, बॅकअप, वेबसाइट, डेटाबेस. वापरणाऱ्याला बदल जाणवत नाही आणि ओपन सोर्स तिथे सर्वांत पक्कं आहे. वाचलेल्या वर्गणीतला एक हिस्सा आधीच बाजूला काढा, त्यातून एखाद्या कंपनीशी सपोर्टचा करार करा म्हणजे वरिष्ठांना फोन नंबर मिळेल, आणि थोडे पैसे ज्या प्रकल्पांवर तुम्ही विसंबणार त्यांना दरवर्षी पाठवा. हा भाग अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षी घाला, नंतर कुणी घालू देत नाही.

आणि सध्याची वर्गणी पुढे चालू ठेवायची असेल, तर नूतनीकरणाच्या आधी विक्रेत्याला लेखी विचारा: वर्गणी थांबवल्यावर आमचा सगळा डेटा कोणत्या स्वरूपात मिळेल, तो मिळवायला किती दिवस असतील आणि त्याचे वेगळे पैसे लागतील का. उत्तराची वाट बघता बघता तो डेटा आजच एकदा बाहेर काढून दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडून पाहा. तारखा, जोडलेल्या फायली, जुन्या नोंदी, सगळं आलंय का ते मोजून घ्या.